सात नंबरचा दगड

"अमीनसाहेब, धरणाचं पाणी आमच्या गावात कुठवर चढणार?"

विचारून दाखव, म्हणून मैत्रिणींनी पैज लावलेली. जगदेवीनं भर चावडीसमोर विचारलं! वय चौदा, पण आवाज पाटलाचा.

विजेच्या धरणाची मोजणी करायला अमीन हैदराबादहून आले होते. पाणी जिथवर येणार, तिथं चुना फासलेले दगड रोवत होते. ते हसले. "सात नंबरच्या दगडापर्यंत. चल, दाखवतो."

नदीकाठी सगळे थबकले. दगड गायब! खड्ड्यात भलताच गोल गोटा.

"वीरप्पाचं काम!" अमीन कडाडले. "निशाण्या उपटीन म्हणत होता. त्याला चावडीत बसवून ठेवा. दुपारतलक दगड नाही मिळाला, तर उसको ठाण्यात न्या."

वीरप्पा म्हणजे जगदेवीचे वडील.

शिपायांनी कडब्याच्या गंजी उपसल्या, विहिरीत गळ टाकले. काही नाही.

जगदेवी गोट्यापाशीच बसली. नखानं खरवडलं. चुन्याखाली चुना, त्याखाली परत चुना. वर कुंकू आणि आंबिलीचा ओला डाग.

काल येळवस होती, रानात पूजा करायची अमावस्या. शेताशेतात कडब्याची कोपी, म्हणजे छोटं खोपटं, उभारून त्यात चुना लावलेले पाच दगड पुजले होते. पाच पांडव.

"कोप्या बघितल्या का?"

"देवाला कोण हात लावंल, पोरी?" शिपाई म्हणाला.

ती पळालीच. तिसरी कोपी शेजारच्या शांताक्काची; ती दारातच बसलेली. चार पांडव गोल, पाचवा चौकोनी.

"आक्का, हे पांडव कधीचे?"

"सासूबाईच्या काळापासूनचे."

"मग ह्या पाचव्यावर चुन्याचा एकच थर कसा?"

मागून आलेल्या अमीनांनी दगड वळवला. कडब्याकडच्या बाजूला उर्दू आकडा. सात!

"दगड लपवायला कोपी बेस," जगदेवी म्हणाली. "पण पांडव सहा दिसले असते. म्हणून आक्कानं एक काढला. पुजलेला देव नाल्यात टाकवंना, म्हणून मोकळ्या खड्ड्यात बसवला. वर्षावर्षाचा चुना त्याच्याच अंगावर!"

शांताक्का रडू लागली. "नदीकाठच्या चिंचबागंत माझा माणूस पुरलाय, आमच्यात पुरत्यात. दगड गेला की पाणी यायचं न्हाय, वाटलं."

"बाई, पाणी दगडाला विचारून चढत नाही," अमीन हळूच म्हणाले. "वीरप्पाला सोडा. बाईंनाही."

"साहेब, ती चिंचबाग, ते पुरलेले, नकाशात हायत का?" जगदेवीनं विचारलं.

अमीनांनी नकाशा उलगडला. नदीकाठावरून बोट फिरवलं.

"नाहीत. अर्जी आली, तर नकाशात लिहावं लागेल."

घरी आई वीरप्पांना पाणी देत होती. जगदेवी उंबऱ्यातच उभी राहिली.

"अप्पा, अव्वा, अर्जी मी लिहिणार. सरकारच्या उर्दूत. आणि जिल्ह्याला साहेबापुढं वाचायलाबी मीच जाणार!"