घुंगरू बांधलेली होडी

या, बाळांनो, जवळ सरका. मागच्यांनीही पुढे बसा. आज एका पाण्याची गोष्ट ऐकवायची आहे. मन लावून ऐकाल, तर पाण्याचा आवाज तुम्हालाही येईल!

"हळू, महेक! होडी चेपेल!" यासिर ओरडला.

खजुराच्या झावळीची ती होडी हातभर लांब आणि चारच बोटं रुंद होती. पूर्वाने तिला बाबांच्या चिपळ्यांतली दोन घुंगरं बांधली.

"तुझे बाबा कीर्तनात काय वाजवणार मग?" महेकने विचारलं.

"टाळ्या!" पूर्वा म्हणाली. पण तिला हसू येईना.

पूर्वा सुट्टीत मस्कतमधल्या वादी कबीरहून इब्री गावाला बाबांकडे आली होती. यासिर आणि महेक ही शेजारच्या दुकानातली भावंडं. नूरुद्दीनचाचा तिघांचा लाडका. रत्नागिरीचा हा माळी अर्बाबची, म्हणजे मालकाची, खजुराची बाग राखायचा. डोंगरातून येणाऱ्या फलजचं, म्हणजे दगडी पाटाचं, पाणी सगळ्या बागांना पाळीने मिळे. चाचाची बाग अगदी शेवटची. दहा दिवस तिथे बोटाएवढीच धार येत होती.

"पाळीच्या वेळी तू झोपतोस!" अर्बाब म्हणाला. "खलास. घरी जा."

आज तीन वाजता चाचाची मस्कतच्या विमानतळाची गाडी होती.

"अगो पोरी, झोपलो नव्हतो गो मी," चाचा एवढंच म्हणाला होता. पूर्वाने बाबांना सांगितलं, दुकानात सांगितलं. "मोठ्यांच्या भानगडीत पडू नका!" हेच उत्तर सगळीकडे.

रस्त्यापाशी पाट जमिनीखाली शिरायचा. तोवर पाणी भरपूर! पलीकडे मात्र बोटाएवढी धार. मध्ये सफाईसाठी तीन खोल भोकं होती. पूर्वाने होडी सोडली.

"यल्ला! चला!"

पहिल्या भोकाला कान. छुन छुन! दुसऱ्याला. छुन! तिसऱ्याला... काहीच नाही.

"गेली कुठे?" यासिर कुजबुजला.

डावीकडे भिंतीपलीकडे घुंगरं वाजली. तिघं फाटकातून आत धावली. नव्या विश्रामगृहाच्या पोहण्याच्या तलावात त्यांची होडी गिरक्या घेत होती!

तिथला मुकादम स्वरूप खुर्चीतून उठला. "अरे, तलाव भरायला पाटातून दोन दिवसांपुरता चर खणला होता... बुजवायचा राहिलाच की!"

"राहिला?" पूर्वाचा आवाज चिरकला. "आमच्या चाचाची नोकरी गेली!"

अर्बाबला हात धरून आणेपर्यंत साडेपाच झाले. होडी पाहून त्याने कपाळाला हात लावला आणि चाचाला फोन केला. गाडी मस्कतजवळ पोहोचली होती. व्हिसाचे कागद कालच रद्द झालेले. आता अर्बाबच्याही हातात काही नव्हतं.

"नवा व्हिसा पाठवतो, नूरुद्दीन. माझी चूक झाली."

"इन्शाल्ला, अर्बाब." मग चाचाने पूर्वाला फोन द्यायला सांगितला. "पाणी आलं गो? भिंतीकडच्या छोट्या झाडाला आधी दे. ते तहानेचं कच्चं आहे."

स्वरूपने चर बुजवला, पाट पुन्हा भरून वाहू लागला आणि संध्याकाळी सगळे जमले. बाबा कीर्तनाला उभे राहिले. "पोरांनी कान उघडे ठेवले," ते म्हणाले, "आणि आम्ही मोठ्यांनी तोंडं!" सगळ्यांनी शाबासकी दिली. अर्बाबने खजुरांची पेटी दिली. पूर्वाने आपला खजूर महेकच्या हातात ठेवला. ती हळूच उठली, बागेत गेली आणि छोट्या झाडाच्या आळ्यात पाणी भरेपर्यंत उभी राहिली.

नवा व्हिसा अजून यायचाय, बाळांनो. आज पाण्याचा पेला तोंडाला लावाल, तेव्हा आपल्या नूरुद्दीनचाचाची आठवण ठेवा.