ठोक्याचे चार ठोके

जवळ सरका रे, आणि ते मोबाइल खाली ठेवा. माझ्या मावसभावाच्या मुलाची गोष्ट आहे, ऐकीव नाही. भोंगा म्हणतात त्याला. गायला लागला की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. दिवसा वेल्डिंग, रात्री पंक, म्हणजे ते आरडाओरडीचं रॉक.

तो आणि त्याचा जिवलग ठोक्या, दोघांचाच बँड. ठोक्या ड्रमवर. शिकवायला कोणी नाही, कंपनी नाही, मॅनेजर तर नाहीच नाही. गाणी स्वतःची, रेकॉर्डिंग भाड्याच्या गॅरेजात, पोस्टरंही हातानं छापून स्वतःच भिंतींना चिकटवायची. "येतंय की नाही ते नंतर बघू, आधी वाजव!" असं ठोक्याचं सारखं चालायचं.

गेल्या वर्षी ठोक्या तापाचं निमित्त होऊन गेला. भोंगा एकटा पडला, अगदी एकटा. नवं गाणं केलं तरी ऐकवायचं कोणाला?

फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार. रात्री साडेअकराला भोंगा गॅरेजात गेला. सकाळी ड्रमला गिऱ्हाईक येणार होतं. ड्रम गेले की बँड संपला, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं ड्रम पुसले, फरशी लख्ख झाडली. मग म्हणाला, जाता जाता एक होऊन जाऊ दे. गिटार गळ्यात अडकवली, ड्रमकडे पाठ केली आणि सवयीनं थांबला. ठोक्या काठीवर काठी मारून चार ठोके द्यायचा, मगच हा सुरू व्हायचा. आता कोण देणार? स्वतःलाच हसला बिचारा.

टक.

...

टक. टक. टक.

मागून.

बोटं आपोआप चालू झाली. मागून ड्रमही... दुसऱ्या कडव्यात ठोक्या नेहमी पुढं पळायचा. तसाच पळाला.

भोंग्यानं वळून पाहिलं नाही. पाहिलं, तर थांबेल...

एक गाणं. दुसरं. होती नव्हती तेवढी सगळी. भोंगा गात होता आणि ढसाढसा रडत होता.

"ठोक्या... आहेस ना रे?"

...

वळला. स्टूल रिकामं.

सकाळी गिऱ्हाईक आलं, तेव्हा भोंगा तिथंच बसलेला.

"विकायचे नाहीत," तो म्हणाला.

"अहो, मग बोलावलंत कशाला?" गिऱ्हाईक चिडलं. ड्रमपाशी वाकून म्हणालं, "आणि रात्रभर बडवत बसलात वाटतं! हे बघा, काठ्यांचे ढलपे."

फरशीवर लाकडाचे ताजे, पांढरे ढलपे पडले होते.

काठ्या तर पोरांनो, भोंग्यानं स्वतःच्या हातानं ठोक्याच्या छातीवर ठेवल्या होत्या. त्याला नेलं, त्या दिवशी.