खिडकीतली दोन लाकडी पोरं

पोरांनो, आगीत एक ओंडका टाका आणि त्या खिडकीकडे पाठ करून बसा. वोल्कमारची गोष्ट सांगतो. त्याला मी तो शाळेत जायचा तेव्हापासून ओळखतो. आणि या गोष्टीतली परी माझ्याच हातची आहे, त्यामुळे खोटं सांगायचं मला कारण नाही.

खाण बंद पडली, बर्फावर घसरायला पाहुणे यायला लागले आणि वोल्कमारचं फावलं. चढावरची जुनी घरं घ्यायची, आत गरम पाण्याचे टब बसवायचे आणि सुट्टीला भाड्याने द्यायची. लोट्श आजीचं घर त्याने असंच गोड बोलून घेतलं आणि तिला वृद्धाश्रमात धाडलं. आजीचा मुलगा हान्नो एकोणिसाव्या वर्षी खाणीत गाडला गेला. प्रेतसुद्धा मिळालं नाही. आपण नाताळच्या महिन्यात खिडकीत मुलासाठी लाकडी खाणवाला आणि मुलीसाठी परी ठेवतो, एका हातात मेणबत्ती देऊन. जाणाऱ्या-येणाऱ्याला कळावं, घरात पोरं किती. आजी बेचाळीस वर्षं हान्नोचा खाणवाला लावत आली होती.

घर सोडताना ती एवढंच म्हणाली, "वोल्कमार, बाळा, त्याचा दिवा तेवढा लावत जा. अंधार झाला, तर तो सोबत मागेल."

लावीन की आजी, त्यात काय, असं हा म्हणाला. आणि ऑगस्टमध्ये अडगळ काढताना त्याने तो खाणवाला सरळ शेगडीत घातला. त्याची नऊ वर्षांची तिल्डा तिथेच उभी होती.

"बाबा, तू कबूल केलं होतंस."

"मेलेल्याला उजेड लागत नाही, तिल्डा."

माणूस मनाचा वाईट नव्हता, पण दिलेल्या शब्दाची त्याला कधीच किंमत नव्हती. मला त्याचा तेव्हाही राग आला होता.

तेवीस डिसेंबर, गुरुवार. संध्याकाळचे सहा. सकाळी पाहुणे येणार, म्हणून घर तापवायला वोल्कमार चढावर निघाला. बर्फ असा पडत होता, की मागे वळून पाहावं तर आपलीच पावलं बुजलेली. वळणावर त्याला खिडकीत उजेड दिसला. दोन ज्योती. पाहुणे आधीच आले की काय, असं म्हणत तो दारापाशी गेला. दार नुसतं लोटलेलं होतं.

त्याने काचेतून पाहिलं. खाणवाला. तोच. टोपी जळून काळी झालेली...

दुसऱ्या ज्योतीकडे त्याने पाहिलंच नाही.

आणि आतून आवाज आला. खालून, तळघरातून. तीन ठोके.

मग काही नाही...

पुन्हा तीन.

आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही ही खाणीतली खूण कळते. मी अडकलोय. जिवंत आहे. खाणीत राबलेल्या माणसाचा नातू तो, त्याला कळलं नसेल? पण त्याच्या मनात एकच नाव होतं. हान्नो. त्याने दार ओढलं. किल्ली दोनदा फिरवली.

ठोके जिना चढून वर आले. दारावर पडले. तीन... तीन...

कमरेच्या उंचीवर पडत होते, हे त्याला नंतर आठवलं.

तो धावत घरी आला. घराची खिडकी रिकामी होती. त्याने बायकोला विचारलं, "केर्स्टिन, परी कुठाय?"

"तिल्डा घेऊन गेली ना वरच्या घरी. हान्नोला अंधारात एकटं नको म्हणाली. तुला भेटली नाही?"

तो परत पोचला, तेव्हा कुलूप होतं तसंच होतं. मेणबत्त्या जळत होत्या. पोर नव्हती. तळघरातून खाणीकडे जाणारी वाट हान्नो गेला तेव्हाच विटांनी बुजवलेली, त्यातली एक वीट हललेली नव्हती. पोलिसांची कुत्री त्या भिंतीपाशी गेली आणि गप पडून राहिली. एप्रिलपर्यंत डोंगर शोधला. काही मिळालं नाही.

तिल्डा गेली त्याच्या तिसऱ्याच दिवशी वोल्कमार माझ्या दुकानी आला होता. फडक्यात ते दोन पुतळे. म्हणाला, "हे वेगळे करून दे."

मी दिव्याखाली धरले. खाणवाल्याने परीचा मोकळा हात धरला होता. डिंक शोधला, खिळा शोधला. पोरांनो, खाण सुटल्यापासून मी लाकूडच कोरतोय. तिच्या हातातल्या लाकडाच्या रेषा सरळ त्याच्या जळक्या हातात गेल्या होत्या. सांधा नव्हताच. करवत उचलली... आणि ठेवून दिली.

"वोल्कमार," मी म्हटलं, "हे एकच लाकूड आहे."

समोरचं घर त्यांचंच. त्याने घरातल्या सगळ्या दारांची कुलपं काढून टाकलीत. केर्स्टिन दर डिसेंबरला ती जोडी खिडकीत लावते. तो त्या खिडकीकडे पाठ करून बसतो. मीही तुम्हाला तसंच बसवलं. आता बघायचं असेल तर बघा वळून.

नवखा पाहुणा तिला हसून म्हणतो, दोन पोरं वाटतं तुम्हाला?

ती म्हणते, "हो. धाकटी थोरल्याचा हात सोडत नाही."