खाली आलेला काटा

तीन आठवड्यांपूर्वी तिची गाडी भर रस्त्यात बंद पडली, तेव्हा हा मेकॅनिक आपणहून ढकलायला आला होता. न बोलावता आलेल्या माणसाचा तिला तेव्हाच संशय आला. त्यात हसरे डोळे... म्हणजे तर जास्तच सावध राहायला हवं!

बाबांच्या मागे राहिलेली ही लाल, दोन सीटांची जुनी स्पोर्ट्स कार दादाला विकायची होती, तिला जिवापाड जपायची होती. इंजिन टिकलं तर ठेवायची, बसलं तर भंगारात, असं बहीणभावाचं ठरलं होतं. आणि आज मेकॅनिकच्या फोनवर तिने दादाचा नंबर पाहिला. संगनमत! दुसरं काय?

ती घाटात गाडी चालवत होती. "तापमानाचा काटा नव्वदवर, म्हणजे तब्येत ठणठणीत," शेजारी बसून तो म्हणाला. "चढावर थोडा वर जाईल. घाबरू नका."

"मी कशाला घाबरू?" ती फणकारली.

चढावर काटा शंभरापुढे गेला. तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. तेवढ्यात काटा झरझर खाली आला, पार तळाला.

"बघा, झाली थंड! उगाच तुम्ही—" ती म्हणाली.

"बाजूला घ्या. बंद करा... आत्ता!"

तिने कुरकुरत गाडी थांबवली. बॉनेटखालून वाफ निघत होती. एक पाइप उभा चिरला होता.

"काटा पाण्याची उष्णता दाखवतो," तो म्हणाला. "पाणीच गेलं, तर दाखवणार काय? अजून दोन मिनिटं, की इंजिन गेलंच होतं."

दोन मिनिटं. हा नुसता गप्प बसला असता, तर दादाचं काम फत्ते झालं असतं. तिला एकदम भरून आलं.

"दादाचा फोन कशाला आला होता?"

"इंजिन बाद झालंय असं तुम्हाला सांगा, म्हणाले. मी नाही म्हटलं."

"मला बोलला नाहीत!"

"सख्ख्या भावाची चुगली कशी करणार?"

"आणि दर आठवड्याला मला बोलावत होतात ते?"

त्याचे कान लाल झाले. "पहिल्यांदा गाडीसाठी. मग... तुम्ही यावं म्हणून. त्या नादात हा पाइप तपासायचाच राहिला."

"म्हणजे माझा संशय अगदीच खोटा नव्हता!"

"नव्हता," तो खाली मान घालून म्हणाला.

तिला हसू आवरेना. "इंजिन गार व्हायला किती वेळ लागेल?"

"तासभर."

"खरं सांग."

तो 'सांग' ऐकून गडबडला. "अर्धा तास..."

"तासभरच थांबू," ती म्हणाली, आणि कठड्यावर त्याच्या शेजारी जाऊन बसली.