दहा एप्रिलची कापणी

मुळगावात सकाळपासून वीज नव्हती, म्हणून गौरवी लॅपटॉप घेऊन डिचोलीच्या बाजारातल्या हॉटेलात आली. गणपतीची चवथ नुकतीच होऊन गेली होती. बाहेर बारीक पाऊस, आत गरम भाजी-पावाचा वास. सॉकेट एकच, आणि त्याच टेबलाशी एक तरुण बसलेला.

"वायर लावू का?" तिने विचारलं.

"लावा की. माझा फोन थोडा वेळ उपाशी राहील."

ती कामाला लागली आणि जरा वेळाने स्वतःशीच पुटपुटली, "कापणी कधी एप्रिलात असते का?"

"कुणाशी भांडताय?"

"एआय एजंटाशी," गौरवी हसली. "आपण काम सांगायचं, तो दुसरं सॉफ्टवेअर वापरून ते करतो. ते कसं वापरायचं, हे त्याला लिहून दिलेलं असतं. ते वाचून त्याला जमतं का, हे मी तपासते."

"आज जमलं नाही वाटतं."

"भात कापायचं यंत्र चार ऑक्टोबरला मागव म्हटलं. याने आधी महिना लिहिला, मग दिवस. सॉफ्टवेअरने ते दहा एप्रिल वाचलं. आधी काय लिहायचं ते कुठे सांगितलेलंच नाही." तिने पावाचा तुकडा भाजीत बुडवला. "लिहिणारा हुशार असणार. आपल्याला ठाऊक ते सगळ्यांना ठाऊक, असं हुशार माणसांनाच वाटतं."

त्या तरुणाचे कान लाल झाले.

"हुशार म्हणालात, तेवढं बरं. ते मीच लिहिलंय… मी देवेश. आमोणे गावचा."

तुकडा तसाच हातात राहिला. "मग आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही गोड बोलला असता."

तिला हसू आवरेना. मग ती गंभीर झाली. "पण अहवालात मी हेच लिहिणार."

"लिहा," तो म्हणाला. "खरं तेच लिहा."

अहवालातल्या पास किंवा नापास या एका शब्दावर त्याचं काय काय अवलंबून होतं, ते तिला पुढच्या अर्ध्या तासात कळलं. देवेश आणि त्याचा मित्र रुद्रेश पुण्याच्या नोकऱ्या सोडून गावी परतले होते. शेतकऱ्याने फोनवर नुसतं बोलावं आणि एजंटाने त्याच्या शेताला यंत्र ठरवून द्यावं, असा त्यांचा बेत. तपासणीत पास झाले तर शेतकऱ्यांची एक संस्था याच कापणीला ते वापरणार होती. नाहीतर दुकान बंद, आणि पुन्हा पुणे.

गौरवीने नापास असंच लिहिलं. पाठवताना बोट क्षणभर थांबलं… पण पाठवलं. संस्थेने सुधारायची एक संधी दिली.

त्यानंतर ती हॉटेलात वरचेवर दिसू लागली.

"आज परत वीज गेली?" देवेश विचारायचा.

"नाही."

"मग?"

"भाजी बरी असते इथली."

काय सुधारू, असं त्याने तिला एकदाही विचारलं नाही. ती सांगू शकत नाही, हे त्याला ठाऊक होतं. एकदा एवढंच म्हणाला, "आता प्रत्येक वाक्य आईला वाचून दाखवतो. ती अडली की बदलतो. काल म्हणाली, पुता, यंत्र रद्द केलं तर एकाचंच रद्द होतलं की सगळ्या गावाचं?"

गौरवीने घाईने चहाचा कप तोंडाला लावला. नेमका हाच प्रश्न तिच्या मनात होता, आणि तो ओठांवर येऊ न देता ती रोज त्याच्यासमोर बसत होती. त्याने पास व्हावं, एवढंच तिला आता वाटत होतं. तपासणाऱ्याला असं वाटून चालत नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती हॉटेलात आली नाही.

निकाल आला आणि देवेश थेट मुळगावला तिच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. छत्री होती, तरी अर्धा भिजलेला.

"पास झालो," तो म्हणाला.

"कळलं." तिचे डोळे हसत होते.

"पण अहवालाखाली नाव कुणा समीक्षाचं. तुम्ही हॉटेलातही येत नाही… माझं काही चुकलं का?"

"समीक्षा आमच्या ऑफिसातली. ते काम तिला द्या, असं मीच सांगितलं."

"का?"

"नियम आहे. लिहिणारा आपला कुणी लागत असेल, तर आपण तपासायचं नाही."

देवेशने छत्री जरा मागे केली.

"मी… कोण लागतो तुमचा?"

"एवढंही कळत नाही?"

"थोडं कळतंय. पण या बाबतीत अंदाजाने चालायची माझी हिंमत नाही. नीट सांगा."

गौरवीने फाटकाची कडी काढली. "तू मला आवडतोस, देवेश."

त्याने छत्री तिच्या डोक्यावर धरली आणि स्वतः पूर्ण भिजला.

"गौरवी, कोण आलाय गे?" आतून आईची हाक आली.

"आमोण्याचा देवेश," गौरवी त्याच्याकडेच बघत म्हणाली. "आत घेऊन येते."