आक्काची हद्द

निपाणीच्या पुढं वेदगंगेकाठच्या एका गावात मी मे महिन्यात गेले होते, ते एका सहीसाठी. पावसाळ्यात तिथला काठ ढासळतो, म्हणून तारेच्या जाळीत दगड भरून भिंत घालायचं काम निघालं होतं आणि त्याचा पर्यावरण अहवाल माझ्याकडं होता. 'स्थानिक चालीरीतींना बाधा : नाही' हे वाक्य मी बेळगावात बसूनच लिहून टाकलं होतं, जुन्या अहवालातून जसंच्या तसं उचलून. आमच्या धंद्यात नकलेलाही अनुभव म्हणतात.

सही हवी होती दुर्गाबाईंची. काठावरचं शेवटचं घर त्यांचं. मागच्या पुरात निम्मं अंगण गेलेलं, आता उंबऱ्यापासून कडा आठ पावलांवर. भिंत झाली तर घर वाचणार, नाहीतर येत्या पावसात जाणार, इतकं सरळ होतं. भिंत जिथून जायची तिथं, अगदी कड्याशी, मी लाल खुंटी ठोकली होती. म्हातारी डोळे मिटून सही करेल, असं पंचायतीचे मेंबर अप्पासाहेब मला सांगून गेले होते.

म्हातारीनं चहा दिला आणि कागद बाजूला ठेवला.

"बाई, तिला इचारल्याबिगर म्या सही करत न्हाय."

"कुणाला?"

"आक्काला." त्यांनी नदीकडं हनुवटी केली.

त्यांच्यात ती पद्धतच होती. काठावर काही बांधायचं असलं की दिवेलागणीला हळदीच्या पाण्यानं रेघ ओढायची, दिवा लावायचा आणि तो विझेपर्यंत आपसात बोलायचं नाही. नदी आपली हद्द आपण सांगते म्हणे. मी मनातल्या मनात हसले. वीस फूट खाली ती मे महिन्यातली नदी, चार म्हशी बसल्या तर अडेल एवढीशी. पण सहीशिवाय परत जायचं कसं, म्हणून थांबले.

दुर्गाबाईंनी माझ्या खुंटीलगत रेघ ओढली, दिवा लावला आणि उंबऱ्यावर जाऊन बसल्या. मी अंगणाच्या कडेला, गोठ्याच्या भिंतीला टेकून.

आधी उसाला पाणी देणाऱ्या मोटारींचा आवाज थांबला. मग पाखरं. मग वारा पडला आणि वास आला... नव्या गाळाचा, पुराच्या लाल पाण्याचा. ज्यानं पूर पाहिलाय तो हा वास विसरत नाही. त्यामागून आवाज. दुथडी भरलेल्या पाण्याचा, जडसा... मी खाली वाकून पाहिलं. पाणी होतं तेवढंच होतं, हललंही नव्हतं.

ओल मात्र चढत होती. पदर पाण्यात बुडला की ओल वर चढत जाते तशी, सावकाश. कडा काळा पडला. हळदीची रेघ मिटली. खुंटी मागं टाकून ओल अंगणात आली, माझ्या चपलांखालून गेली आणि पाय गार पडले. भीती वाटली, पण पळावंसं वाटलं नाही. एवढं मोठं काही इतक्या जवळून आजवर गेलं नव्हतं. माझे हात आपोआप जोडले गेले.

दुर्गाबाईंनी लुगडं आवरलं, पाय वर घेतले आणि उंबऱ्यावर जरा सरकून जागा केली.

"ये आक्का..."

ओल घरात शिरली, चुलीवरून मागच्या दारानं बाहेर पडली आणि परसातल्या जांभळीशी थांबली. दिवा विझला. मोटारी सुरू झाल्या. माती ठणठणीत कोरडी होती.

दुर्गाबाईंचा चाळीस वर्षांचा संसार त्या घरात झाला होता. डोळे पुसून त्यांनी बिनसहीचा कागद माझ्या हातात दिला.

"घर तिचंच हाय म्हणायचं. मला जांभळीच्या मागं जागा मिळती काय बगा."

त्या जागेसाठी मी ऑफिसात भांडभांड भांडले. भिंतीची रेघ मागं गेली, दुर्गाबाईंना पावसाआधी पत्र्याची खोली मिळाली. जुलैत नदी जांभळीपर्यंत आली आणि तिथंच थांबली. घर गेलं, म्हातारी राहिली.

हद्द बदलायला आधार काय, असं साहेबांनी विचारलं होतं. त्या संध्याकाळचा एक फोटो माझ्या मोबाईलमध्ये निघाला. मी तो कधी काढला, आठवत नाही. साहेबांना दाखवायला उघडला आणि तसाच बंद केला.

फोटोत अंगण कोरडं आहे, भेगासुद्धा दिसतात. तरी त्यात घर उलटं उमटलंय, पाण्यात उमटावं तसं. वर उंबऱ्यावर दुर्गाबाई एकट्या बसल्यात. खाली दोघी आहेत, आणि दुसरीचं तोंड माझ्याकडं आहे.