गोगलगायीचं एक उत्तर

"आमच्या कट्ट्याला गोगलगाय लागलीय," गॉर्डन म्हणाला आणि खुर्चीत धपकन बसला.

अमेरिकेतल्या तळ्याकाठच्या डुलुथमध्ये खासगी गुप्तहेर म्हणून सिग्ने हाकालाचं नाव होतं. व्हर्न तिचा जोडीदार. गाडी तो चालवायचा, कॉफी तो आणायचा आणि कौतुक मात्र तिचं व्हायचं. ते त्याला फार झोंबायचं.

गॉर्डन बागवान मंडळाचा अध्यक्ष. मंडळाचा ऑनलाइन कट्टा गावोगावच्या बागवेड्यांनी गजबजलेला असे. तिथे 'गोगलगाय' या नावाने कुणीतरी गरळ ओकत होतं: कट्ट्याची नवी व्यवस्थापक डेल्फीन भोपळ्यांच्या स्पर्धेत लबाडी करते, लाडक्यांना बक्षिसं वाटते. जुनी माणसं कट्टा सोडून चालली होती.

"लिहितो आणि थोड्या वेळाने पुसून टाकतो. पण भांडण बघायला नव्यांची गर्दी वाढली ना! कार्यकारिणी म्हणते, गर्दीसाठी डेल्फीनच हे करते. आज संध्याकाळच्या सभेत तिला काढणार."

"सगळंच पुसतो?" सिग्नेने विचारलं.

"एक तेवढं राहिलंय."

तिने ते वाचून दाखवलं. वेंडेल नावाच्या म्हाताऱ्याने पहिल्यांदाच लिहिलं होतं: बायको गेली, तिच्या टोमॅटोची पानं वळताहेत, उपटून टाकू का? खाली त्याच दुपारी गोगलगायीचं उत्तर: 'उपटू नका. तळ्यावरच्या वाऱ्याने वळतात ती. सकाळी मुळाशी पाणी घाला. हे बी तुमच्या बायकोने कुठून आणलं होतं?' वेंडेलने लांबलचक आभार मानले होते.

"बघा, खलनायकालाही काळीज असतं!" व्हर्न हसला. सिग्ने हसली नाही.

संशयितांत पहिला रोल्फ. त्याचा भोपळा डेल्फीनने स्पर्धेतून बाद केला होता.

"ती नवखी पोरगी मला शिकवणार? आणि कट्ट्यावर येणारे ते नवशिके! पानं का वळली म्हणे. पुस्तकं वाचा की लेको!"

मग डेल्फीन. डोळे रडून सुजलेले.

"मी कशाला माझ्याच कट्ट्याची माती करू? मागच्या महिन्यात तर नव्यांच्या स्वागताचं कामही मशीनवर टाकलं. कुणी आलं की आपोआप नमस्कार जातो. मला दुसरी ढीगभर कामं असतात."

शेवटी मार्वा. कट्टा तिनेच उभा केलेला, वर्षानुवर्षं फुकट सांभाळलेला. वसंतात पगारी डेल्फीन आली आणि मार्वाला 'सल्लागार' केलं. तिने घरी भाजलेली ब्लूबेरी पाई पुढे ठेवली.

"मी आता कट्टा उघडतसुद्धा नाही. माझ्या वेळी नव्या माणसाचा पहिला प्रश्न सूर्य मावळेपर्यंत अनुत्तरित राहायचा नाही. उत्तर द्यायचं आणि उलट काहीतरी विचारायचं, म्हणजे माणूस परत येतो. आता काय, मशीन नमस्कार करतं!"

व्हर्नने दुसरा तुकडा घेतला. सिग्नेने पाईला हातही लावला नाही.

संध्याकाळी सभेत व्हर्नने घाईघाईने तोंड उघडलं. "रोल्फ! भोपळ्याचा राग!" या खेपेला तरी तिच्या आधी आपण.

"रोल्फने वेंडेलला पुस्तक वाचायला पाठवलं असतं," सिग्ने शांतपणे म्हणाली. "डेल्फीनकडे नव्यांसाठी मशीन आहे. शिव्या देता देता मध्येच थांबून अनोळखी माणसाला सूर्यास्ताआधी उत्तर द्यायचं, वर उलट प्रश्न विचारायचा, ही सवय कुणाची? मार्वा, तुम्ही कट्टा उघडत नाही म्हणालात. मग मागच्या महिन्यात आलेलं मशीन तुम्हाला कसं ठाऊक?"

सगळ्यांच्या माना वळल्या. मार्वा उभी राहिली.

"कुणी उत्तर देईना त्याला. मी दिलं. आपण कुठल्या नावाने आत आहोत, हे लक्षातच राहिलं नाही."

"मग पुसलं का नाही?" व्हर्नने विचारलं.

"बोट गेलं होतं पुसायला. पण तोवर त्याने आभार मानले होते. पुसलं असतं तर तो पुन्हा एकटा पडला असता." ती डेल्फीनकडे वळली. "जळत होते मी तुझ्यावर. संसार मी मांडला आणि मला पाहुणी करून टाकलं. तू नको होतीस मला तिथे. चुकलं माझं."

व्हर्न खाली बघत राहिला. जळणं त्याला चांगलं ठाऊक होतं.

गॉर्डनने डेल्फीनची माफी मागितली, नोकरी कायम म्हणाला. तिचं लक्ष लॅपटॉपकडे होतं. वेंडेलने नुकतंच लिहिलं होतं: 'गोगलगाय, आहात का? तिचा पहिला टोमॅटो लाल झालाय. तोडवत नाही. काय करू?'

"मी इतकी राबते, आणि मला नाही कुणी अशी हाक मारत," डेल्फीन धुसफुसली. मग तिने खिडकीबाहेर पाहिलं. तळ्यावर ऊन उतरत होतं. तिने लॅपटॉप मार्वापुढे सरकवला. "द्या उत्तर. पण स्वतःच्या नावाने."

मार्वाने डोळे पुसले आणि लिहिलं: 'मी मार्वा. गोगलगाय मीच होते. तोडा, आणि आजच खा. तिला कसा आवडायचा, मीठ लावून की नुसताच?'